लांकडावर आंकड्यांची सत्ता

लांकूडकामाच्या लहान कारखान्यांतून अलीकडे एक नवें यंत्र दिसूं लागलें आहे. एक भक्कम मेज; मेजाच्या दोन्ही कडांवरील रुळांवरून पुढें-मागें सरकणारी आडवी तुळई; त्या तुळईवर डावी-उजवीकडे आणि वर-खालीं हलणारी मोटर; आणि मोटरीच्या तोंडाशीं करंगळीहून बारीक असें धारदार पातें. बाहेरून पाहतां एवढेंच. परंतु हें पातें कोणाच्या हातानें फिरत नाहीं. शेजारच्या गणकयंत्रांतून आंकड्यांची एक रांग येते, आणि एकेका आंकड्यासरशी तें लांकडांतून वाट काढीत जातें. याला सी. एन. सी. राउटर म्हणतात. नांव परकें खरें, पण सुतारांच्या तोंडीं तें केव्हांच रुळलें आहे. म्हणून श्रोत्यांची परवानगी गृहीत धरून मीही तेंच वापरतों.

असें यंत्र कारखान्यांत आलें म्हणजे पहिल्या दिवशीं त्याच्याभोंवतीं दोन माणसें उभीं असतात. एक, कर्ज काढून तें आणणारा मालक. दुसरा, वीस वर्षें रंधा आणि पटाशी चालविलेला कारागीर. मालकाला विक्रेत्यानें सांगितलेलें असतें, कीं आतां कसबी माणसाची गरज उरणार नाहीं, बटण दाबणारा कोणीही चालेल. कारागिरानेंही तें ऐकलेलें असतें. प्रश्न दोघांच्याही मनांत एकच असतो. फक्त एकाला त्याचें उत्तर ‘होय’ यावें असें वाटतें आणि दुसऱ्याला ‘नाहीं’. या प्रश्नाला इतिहासानें निदान दोनदां उत्तर दिलेलें आहे. तीं दोन उत्तरें एकमेकांसारखीं नाहींत, आणि विक्रेत्याच्या उत्तरासारखीं तर मुळींच नाहींत.

पहिलें उत्तर पाहण्यासाठीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथच्या आरमारी गोदींत गेलें पाहिजे. काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाचा, फ्रान्सशीं युद्ध चालू असतांनाचा. शिडाचें जहाज म्हणजे दोरखंडांचें जाळें, आणि जड दोर ओढावयाचा तर कप्पी हवी. आपल्याकडे विहिरीवर असते तीच कप्पी. पण विहिरीला एक पुरते, मोठ्या लढाऊ जहाजाला मात्र लहानमोठ्या मिळून सुमारें एक हजार कप्प्या लागत. समुद्रावर त्या झिजत, फुटत, वाहून जात. इंग्रजी आरमाराची वर्षाची गरज एक लाखाच्या वर गेली होती. याच आरमारासाठीं आपल्या मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें मलबारच्या सागवानाचीं जहाजें बांधलीं: ‘मिंडन’ १८१० सालीं, ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ सालीं, ‘ट्रिंकोमाली’ १८१७ सालीं. यांतील शेवटचें अजूनही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे.

कप्पी दिसावयास साधी, करावयास अवघड. तिचें बाहेरचें घर एल्मच्या लांकडाचें. त्यांत आरपार खांच, खांचेंत लिग्नम व्हिटी नांवाच्या अतिशय कठीण लांकडाचें चाक, चाकाच्या मध्यभागीं कांशासारख्या धातूची बोंडी, आणि त्यांतून जाणारी कणा म्हणून एक खीळ. घराच्या बाहेरून दोर बसण्यासाठीं गोलसर चर. खांच तिरपी गेली तर चाक एका बाजूला घासतें. खीळ मध्यावर नसेल तर चाक डुलतें. आणि वादळांत, रात्रीं, शीड उतरवावयाच्या वेळीं कप्पी अडली म्हणजे काय होईल हें सांगावयाला नको. हीं कामें करणारे कसबी लोक असत. आरमाराला कप्प्या पुरविणारें मुख्य घराणें साउथॅम्प्टनच्या टेलरांचें. तेही कांहीं यंत्रें वापरीत, आणि त्यांचा माल उत्तम गणला जाई.

यांत मार्क ब्रुनेल नांवाचा एक फ्रेंच निर्वासित आला. हा १७६९ सालीं नॉर्मंडींत जन्मलेला, राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९३ सालीं अमेरिकेस पळालेला, आणि १७९९ सालीं इंग्लंडांत येऊन राहिलेला. पुढें रेल्वे व पूल बांधून कीर्ति मिळविलेल्या इसंबार्ड ब्रुनेलचा हा बाप. कप्प्या यंत्रानें करण्याची त्याची कल्पना त्यानें प्रथम टेलरांपुढेंच ठेवली. त्यांनीं ती नाकारली. आमची पद्धति सुधारण्यासारखी नाहीं असें त्यांना वाटत होतें. धंदा उत्तम चाललेला असला म्हणजे असें वाटतेंच. १८०१ सालीं ब्रुनेलनें पेटंट घेतलें आणि तो सॅम्युएल बेंथॅमकडे गेला. तत्त्ववेत्ता जेरेमी बेंथॅम याचा हा भाऊ आरमारी बांधकामांचा मुख्य निरीक्षक होता आणि स्वतःच लांकूडकामाच्या यंत्रांचा मोठा शोधक होता. स्वतःच्या कल्पना बाजूला ठेवून दुसऱ्याची उचलून धरणें सोपें नसतें. बेंथॅमनें तें केलें, याबद्दल त्याला मान दिला पाहिजे.

पण कागदावरचें यंत्र लोखंडांत उतरवावयाचें कोणी? येथें तिसरें नांव येतें, हेन्री मॉडस्ले. बाराव्या वर्षीं वुलिचच्या शस्त्रागारांत काडतुसें भरणारा पोर, मग तेथल्याच सुतारखान्यांत, मग लोहारखान्यांत. पुढें कुलुपांसाठीं प्रसिद्ध असलेल्या ब्रामा याच्याकडे तो मुख्य कारागीर झाला. आठवड्याला ३० शिलिंगांहून अधिक पगार मागितला, तो नाकारला गेला, म्हणून १७९७ सालीं त्यानें स्वतःचें दुकान काढलें. ब्रुनेलच्या एका फ्रेंच स्नेह्यानें त्या दुकानाच्या खिडकींत ठेवलेला सुबक कांतलेला आटेदार स्क्रू पाहिला आणि दोघांची गांठ घालून दिली, अशी हकीकत सांगतात.

मॉडस्लेनें मिळून पंचेचाळीस यंत्रें केलीं, तींही लांकडी चौकटीचीं नव्हेत, सबंध धातूचीं. मध्यम आकाराच्या कप्प्यांचा संच जानेवारी १८०३ मध्यें बसला, लहानांचा त्याच वर्षीं मे महिन्यांत, आणि मोठ्यांचा मार्च १८०५ मध्यें. १८०८ सालीं तेथून १,३०,००० कप्प्या बाहेर पडल्या. ११० कसबी माणसांचें काम दहा अकुशल माणसें करूं लागलीं. हा आंकडा प्रत्येक इतिहासग्रंथांत येतो, आणि बहुतेक ग्रंथकार तेथेंच थांबतात.

मला मात्र त्याच्या अलीकडची एक बारीक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. एल्मचा ठोकळा पहिल्यानें भोंकें पाडणाऱ्या यंत्रांत जाई. तेथें तो शिकंज्यांत आवळला जातांना शिकंज्याच्या टोंकांचे ठसे त्याच्या अंगावर उमटत. पुढच्या यंत्रांत खांच पाडावयाची, त्यापुढच्यांत कोपरे उडवावयाचे, त्यापुढच्यांत दहा ठोकळे एका मोठ्या चाकाच्या परिघावर बसवून त्यांना बांक द्यावयाचा; या प्रत्येक ठिकाणीं ठोकळा त्याच ठशांत धरला जाई. कामगारानें फूटपट्टी लावावयाची नाहीं, डोळा मिटून नेम धरावयाचा नाहीं. ठसा जुळला कीं ठोकळा आपोआप बरोबर जागीं बसला. म्हणजे मोजमाप नाहींसें झालें नव्हतें. तें एकदांच, सर्वांच्या आधीं, पहिल्या शिकंज्यांत करून ठेवलेलें होतें.

मग तें कसब गेलें कोठें? तें मॉडस्लेच्या कारखान्यांत गेलें. त्याच्याकडे बांकावर सपाट धातूचे तक्ते ठेवलेले असत. कारागिरानें आपण केलेला भाग त्यावर टेकवून पाहावयाचा आणि सपाटी पारखावयाची. एकसारख्या आट्याचा स्क्रू, खरोखर सरळ अशी कड, खरोखर सपाट असें पृष्ठ, यांच्या मागें तो माणूस आयुष्यभर लागला होता. पोर्टस्मथच्या दहा अकुशल माणसांच्या मागें लंडनमधलें हें कौशल्य उभें होतें. गोदींतही पातीं घासून देणारा, झिजलेला भाग बदलणारा, यंत्राचा आवाज बिघडला हें ओळखणारा कोणी तरी लागेच.

तेव्हां पहिलें उत्तर असें: कसब मेलें नाहीं, त्यानें जागा बदलली. हें वाक्य यंत्राचे भक्त फार समाधानानें उच्चारतात. पण साउथॅम्प्टनच्या कप्पीवाल्याचें कसब लंडनच्या लोहकाम करणाऱ्याकडे गेलें, यांत कप्पीवाल्याला काय मिळालें? ज्यांचें गेलें ते एक आणि ज्यांना मिळालें ते दुसरे. टेलरांचें आरमारी कंत्राट संपलें. ब्रुनेललाही फार सुख लाभलें असें नाहीं. एका वर्षाच्या बचतीएवढे, सुमारें १७,००० पौंड त्याला मिळाले, तेही बऱ्याच तगाद्यानंतर. आणि इतर उद्योगांत बुडून १८२१ सालीं तो कर्जापायीं तुरुंगांत गेला. यंत्रें मात्र टिकलीं. त्यांपैकीं कांहीं १९६५ पर्यंत काम करीत होतीं, आणि कांहीं आज लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें पाहावयास मिळतात.

पोर्टस्मथच्या यंत्रांत एक मोठी उणीव होती. कप्पीचा आकार त्यांच्या लोखंडांतच ओतलेला होता; त्यांना कप्पीखेरीज दुसरें कांहीं करतां येत नसे. ही उणीव घालविण्याचे दोन मार्ग निघाले. अमेरिकेंत टॉमस ब्लँचर्डनें १८१९-२० च्या सुमारास बंदुकीचे दस्ते कोरण्यासाठीं असें यंत्र केलें, कीं त्यांत एक नमुना ठेवावा, त्याच्या अंगावरून एक चाक फिरावें, आणि शेजारीं पातें तसाच दस्ता कोरीत जावें. नमुना बदला, कीं वस्तु बदलली. दुसरा मार्ग त्याच्या थोडा आधींचा, फ्रान्समधील लिआँच्या रेशमी मागावरचा: जाकारनें १८०४ च्या सुमारास भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांकडून विणकामाची नक्षी घडवून आणली. पुठ्ठ्यांची माळ बदला, कीं नक्षी बदलली. लांकडाच्या कामांत ब्लँचर्डचा मार्ग शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. जाकारचा मार्ग लांकडापर्यंत यावयाला विसावें शतक अर्धें सरावें लागलें. आणि तो आला तोही, योगायोग पाहा, एका बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्यांतून.

ही दुसऱ्या महायुद्धांतली गोष्ट आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यांतील जॉन पार्सन्स यानें सिकॉर्स्की कंपनीकडून हेलिकॉप्टरच्या फिरत्या पंखांचें काम घेतलें. त्या काळीं पंखाच्या आंत लांकडी फांसळ्या असत आणि पंखाचा बांक त्या फांसळ्यांवर अवलंबून असे. काम सुरू करावयाला जागा मिळाली ती जुन्या फर्निचरच्या कारखान्याची. सिकॉर्स्कीकडून बांकाचें वर्णन येई तें फक्त सतरा बिंदूंचें. मधली रेघ वक्रपट्टी लावून हातानें ओढावयाची, त्याप्रमाणें लांकडी सांचा करावयाचा, आणि त्यांत पट्ट्या दाबून वळवावयाच्या. आपल्याकडे लग्नमंडपाच्या कमानी ज्या रीतीनें करतात, त्याहून ही रीति फार निराळी नव्हे. पण मंडपाची कमान जमिनीवर उभी असते. पार्सन्सनें केलेला एक पंख निकामी झाला, आणि त्या घटनेनें या कामांतील अंदाजाचा भाग त्याच्या डोळ्यांत सलूं लागला.

१९४६ सालीं त्यानें फ्रँक स्ट्यूलन या तरुण इंजिनियराला कामावर घेतलें. स्ट्यूलननें भोंकें पाडलेल्या कार्डांवर चालणारीं हिशेबाचीं यंत्रें वापरून बांकावरचे बिंदु काढावयास आरंभ केला, सतरांऐवजीं दोनशें. आतां एवढे बिंदु हातीं आल्यावर वक्रपट्टी हवी कशाला? कापणीयंत्रापाशीं तीन माणसें उभीं राहिलीं. एकानें कागदावरचे आंकडे मोठ्यानें वाचावयाचे. दुसऱ्यानें एका दिशेचें चाक तेवढें फिरवावयाचें. तिसऱ्यानें दुसऱ्या दिशेचें. तिघांचें जुळलें म्हणजे पातें खालीं उतरवून एक घाव घालावयाचा. मग पुढचा आंकडा. शेवटीं कडेला राहिलेले बारीक दांते कानशीनें घासून काढावयाचे.

श्रोतेहो, आजच्या सी. एन. सी. यंत्राचें सारें रहस्य या तीन माणसांत आहे. वाचणाऱ्याच्या जागीं गणकयंत्र बसवा, चाकें फिरविणाऱ्या दोघांच्या जागीं दोन मोटरी बसवा, वर-खालीं करण्यास तिसरी द्या, आणि तुमचें यंत्र तयार झालें. ‘जी १, एक्स १२०, वाय ४५, एफ ३०००’ अशी ओळ आज त्याला दिली जाते, तिचा अर्थ इतकाच: सरळ रेषेंत अमुक बिंदूपर्यंत जा, मिनिटाला तीन हजार मिलिमीटर या वेगानें. भाषा शुष्क आहे, पण कागद वाचणारा तो पहिला माणूसही दुसरें कांहीं म्हणत नव्हता.

ही कल्पना अमलांत आणण्यास पैसा लागला, तो अमेरिकन विमानदलानें १९४९ सालीं दिला. काम मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयाकडे, म्हणजे एम. आय. टी.कडे गेलें, आणि सप्टेंबर १९५२ मध्यें तेथें आंकड्यांनीं चालणारें पहिलें कातरयंत्र लोकांना दाखविण्यांत आलें. त्याच्या मेंदूंत २५० व्हॅक्यूम ट्यूब आणि १७५ रिले होते, आणि तो मेंदु पांच मोठ्या कपाटांत मावत होता. पार्सन्स मात्र मध्येंच मागें पडला. कल्पना त्याची, आणि कीर्ति बराच काळ संस्थेची. १९८५ सालीं त्याला व स्ट्यूलनला राष्ट्रीय पदक मिळालें, तेव्हां तो सत्तरी ओलांडून गेला होता.

याच सुमारास अमेरिकेंत दुसरीही एक रीति पुढें आली होती, आणि तिची हकीकत कमी सांगितली जाते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९४६-४७ च्या सुमारास असें यंत्र केलें, कीं त्यावर कसबी कारागिरानें पहिली वस्तु स्वतःच्या हातानें करावी. त्याच्या हाताची प्रत्येक हालचाल चुंबकीय फितीवर नोंदली जाई. आणि मग ती फीत लावली, कीं यंत्र तीच हालचाल पुनः पुनः करी. येथें यंत्राचा गुरु कारागीर होता. आंकड्यांच्या रीतींत गुरु कचेरींत बसलेला असतो आणि कारागिराकडे फीत तयार होऊन येते. ही पहिली रीति मागें पडली, दुसरी जगभर पसरली. असें कां झालें?

इतिहासकार डेव्हिड नोबल यानें १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथांत याचें सरळ उत्तर दिलें: व्यवस्थापकांना काम कारागिराच्या हातून काढून आपल्या कचेरींत आणावयाचें होतें, म्हणून. विरुद्ध पक्ष म्हणतो, कीं विमानांचे कांहीं आकार कोणत्याही कारागिराला हातानें काढतां आले नसते; तेथें नोंदावयाला हालचालच नव्हती. मला दोन्ही खरीं वाटतात. पार्सन्सच्या दोनशें बिंदूंचा पंख हातानें साधला असता, असें पार्सन्सच्या अनुभवावरून तरी म्हणवत नाहीं. पण विमानासाठीं जी रीति अटळ होती ती साध्या कामांवरही लादली गेली, याला गणिताखेरीज दुसरें कारण होतें, हें नोबलचें म्हणणेंही नाकारतां येत नाहीं. दुसरें उत्तर म्हणून एवढें लक्षांत ठेवूं: आंकड्यांच्या यंत्रानें कसब कोठें जावें हें यंत्र ठरवीत नाहीं, आंकडा कोणी लिहावयाचा याच्यावर तें ठरतें.

आणि येथेंच लहान कारखान्याचा प्रश्न मोठ्याहून वेगळा होतो. ट्यूब जाऊन ट्रान्झिस्टर आले, मग गणकयंत्रें मेजावर मावूं लागलीं. १९९६ सालीं अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायनांतील डरहॅम येथें टेड हॉल यानें लहान धंद्यांना परवडेल असा राउटर विकावयास आरंभ केला. हा गृहस्थ मेंदूच्या शास्त्राचा अध्यापक. प्लायवुडच्या होड्या करण्याचा त्याला छंद होता आणि त्या कापावयाला त्याला यंत्र हवें होतें. लहान राउटर विकणारे पुढें पुष्कळ झाले. अशा लहान कारखान्यांत कचेरी कोठें असते? त्याच खोलींत, भुश्शानें भरलेल्या टेबलावर. तेथें चित्र काढणारा आणि लांकूड धरणारा एकच माणूस असूं शकतो. निदान दोघे एकमेकांना हांक मारण्याच्या अंतरावर असतात. पोर्टस्मथला जें लंडनला गेलें आणि मिशिगनहून जें विमानदलाच्या कंत्राटांत गेलें, तें येथें घरांतच ठेवतां येतें. ठेवलें जातें कीं नाहीं, हें यंत्र बसविण्याच्या पहिल्या आठवड्यांत ठरतें.

तो आठवडा कसा जातो पाहा. प्रथम मेज समपातळींत आणावयाचें. मग तुळई रुळांशीं काटकोनांत आहे कीं नाहीं तें पाहावयाचें. मोठ्या कामाला आपला नेहमीचा गुण्या पुरत नाहीं, म्हणून कर्ण मोजतात. १२०० बाय २४०० मिलिमीटरच्या मेजाचा कर्ण २६८३ मिलिमीटर यावयास पाहिजे, आणि दोन्ही कर्ण सारखे पाहिजेत. तुळईची एक बाजू दुसरीच्या दोन मिलिमीटर मागें असली, तर ६०० रुंदीचें कपाटाचें दार एका मिलिमीटरनें तिरकें निघेल, आणि तशींच तिरकीं शंभर दारें निघतील. त्यानंतर मोटर उभी सरळ आहे कीं झुकलेली, तें पाहावयाचें. झुकली असेल तर पृष्ठभागावर शेतांतल्या सऱ्यांप्रमाणें रेघा उठतात. डोळ्यांना न दिसल्या तरी तळहाताला त्या लागतात.

मग मेजावर एक जाड फळी पसरून घट्ट बसवितात, आणि यंत्राच्या पहिल्या कामाची वेळ येते. तें काम म्हणजे या फळीवर स्वतःचेंच पातें फिरवून ती आपल्या चालीशीं समांतर करून घेणें. गिऱ्हाइकाच्या कामाच्या आधीं यंत्र आपली बैठक आपण तासतें. मॉडस्लेचा तो सपाट तक्ता येथें निराळ्या रूपानें पुनः हजर होतो. शेवटीं शून्य ठरवावयाचें: लांबीचें, रुंदीचें, उंचीचें. सगळे आंकडे या शून्यापासून मोजले जातात, म्हणून शून्य एक मिलिमीटर चुकलें तर सगळेंच एक मिलिमीटर चुकलें. पोर्टस्मथच्या ठोकळ्यावर शिकंज्याचा ठसा उमटत असे, त्याचें काम आज या शून्याला करावें लागतें. आणि शिकंजा तर शिकंजाच आहे: लांकूड हललें तर आंकड्याला त्याचा पत्ता लागत नाहीं.

एवढें झाल्यावर लांकूड येतें, आणि लांकडाला आंकडे ठाऊक नसतात. अठरा मिलिमीटरची म्हणून आणलेली प्लायवुडची फळी पुष्कळदां अर्ध्या मिलिमीटरनें कमी भरते. अठराची खांच पाडली तर ती तींत खुळखुळते. सहा मिलिमीटर व्यासाचें पातें आंतल्या कोपऱ्यांत तीन मिलिमीटरची गोलाई सोडतें; चौकोनी कुसू बसवावयाचें तर तो कोपरा पटाशीनेंच काढावा लागतो, नाहीं तर चित्रांतच तशी सोय करावी लागते. दोन धारांचें पातें मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल आणि ७,२०० मिलिमीटर वेगानें पुढें जात असेल, तर प्रत्येक धारेच्या वांट्याला ०.२ मिलिमीटरचा कपचा येतो. हा भागाकार शाळेतला मुलगा करील. वेग फार कमी केला तर कपच्याऐवजीं बारीक भुसा पडतो, पातें घासून तापतें आणि लांकूड करपतें. फार वाढविला तर पातें मोडतें. पण साग किती सोसतो, शिसव किती, आणि आंब्याच्या फळींत गांठ आली तर काय करावयाचें, हें भागाकारांत नाहीं. रेशा कोणत्या दिशेला उचकटतील हेंही नाहीं. तें बहुधा वीस वर्षें रंधा चालविलेल्या त्या कारागिराला ठाऊक असतें. आवाज चढला म्हणजे तो मान वर करून पाहतो. नव्या पोराला तोच आवाज यंत्राचा नेहमीचा वाटतो.

म्हणून ज्या कारखान्यांत हें यंत्र नीट चालतें तेथें त्याच्याजवळ एक वही असते. लांकूड कोणतें, पातें कोणतें, फेरे किती, वेग किती, एका वेळीं खोली किती, आणि निकाल कसा लागला. ही वही विक्रेत्याकडून मिळत नाहीं, आणि परदेशी पुस्तकांतले तक्ते येथल्या लांकडाला पुरे पडत नाहींत. चित्र गणकयंत्रावर काढणारा मुलगा आणि जुना कारागीर यांनीं एकत्र बसून ती लिहिली तर आंकडा लिहिण्याचा अधिकार दोघांचा राहतो. कारागिराला मेजावरून उठवून नुसत्या फळ्या उचलावयाला लावलें तर वही कोरीच राहते, आणि मालक पातीं मोडीत बसतो. शिवाय आपल्याकडे ऋतूचाही एक रकाना त्या वहींत लागतो. मे महिन्यांत कोरड्या सागवानांत पाडलेली नेमकी खांच आणि जुलैंत दमट हवेनें रेशांच्या आडवी फुगलेली तीच फळी यांचे आंकडे सारखे नसतात. तेव्हां पहिल्या वर्षाचा एक पावसाळा जाईपर्यंत तो रकाना भरतच नाहीं.